व्यवसाय सुरू झाल्याचा दिनांक

सुलभाताई गेली तेव्हा मी तिच्याच नावावर टाळ्या घेत होतो. रविवारची सकाळ, हिंजवडीतल्या एका सोसायटीचा वर्धापनदिन, खच्चून भरलेला हॉल, आणि मी माईक हातात धरून तो किस्सा सांगत होतो. गेली दोन वर्षं लग्नांत, मुंजींत, निवृत्तीच्या समारंभांत मी तो सांगत आलोय. माझी मावसबहीण सरकारी कार्यालयाचा जिना चढते, तो भाग आला होता. कठड्याचा आधार घेतल्याचा अभिनय करत मी धापा टाकत होतो. खिशातला फोन थरथरला, तो मी बाहेरूनच दाबून गप्प केला. पुन्हा थरथरला. तिसऱ्या वेळी मी लोकांना म्हणालो, "बघा, साहेबांचाच फोन असणार," आणि त्यावरही हशा वसूल केला. फोन भाऊजींचा होता.

निवेदन करणं हा माझा धंदा. कुणाच्याही साठीला मी अर्ध्या तासात हॉल हसवून देतो, आणि तो हसला की मला जो आनंद होतो तो लपवण्याइतका मी संत नाही. त्यामुळे माझ्याकडून हळुवार आठवणींची अपेक्षा असेल तर आत्ताच पान उलटा. मला राग आलाय. साडेतीन आठवडे झाले, तो उतरत नाही. ताईच्या दहाव्याला घाटावर एक दूरचे नातेवाईक माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मोहनराव, तो जिन्याचा किस्सा काय सांगायचात हो तुम्ही... एकदा सांगा ना, सगळ्यांना बरं वाटेल." मी त्यांना जे उत्तर दिलं ते छापण्यासारखं नाही. किस्सा मात्र आज सांगतो. शेवटचा, आणि जसा घडला तसा.

ताई कात्रजला राहायची. तळमजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट, मागे जेमतेम दोन खाटा मावतील एवढं अंगण, आणि त्या अंगणात वर्षाचे आठ महिने वाळत घातलेलं धान्य. ती भाजणी करायची. थालीपिठाची, चकलीची, उपासाची. धान्य धुवायचं, वाळवायचं, प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं, गिरणीत आपल्यासमोर दळून घ्यायचं. गिरणीवाल्याला ती सांगायची, आधी कुणाचे गहू दळले असतील तर पहिला शेरभर भुसा टाकून मग माझं घाल. सुरुवात झाली ती शेजारच्या मुलीपासून. ती परदेशी निघाली होती, तिला सामानात अर्धा किलो भाजणी हवी होती, आणि "फुकट नेणार नाही काकू," म्हणून ती कुंडीखाली पैसे ठेवून गेली. ती तारीख ताईच्या पक्की लक्षात होती. नंतर एकाचं ऐकून दुसरा, असं करत अकरा वर्षं गेली. आम्हा नातेवाइकांना विचाराल तर आम्ही एका सुरात सांगायचो, "सुलभा? ती घरीच असते." मीही हेच सांगायचो. भाजणी मात्र प्रत्येकाच्या डब्यात तिचीच.

मग सदाशिव पेठेतल्या एका किराणा दुकानदाराने तिची भाजणी ठेवायची तयारी दाखवली. अट एकच, पाकिटावर अन्न परवान्याचा क्रमांक हवा. ताईने तेवढ्यावर न थांबता घराजवळ एक छोटा गाळाच भाड्याने ठरवला. दिवाळीच्या आधी उघडायचं, चकलीच्या भाजणीचा हंगाम धरायचा, असा तिचा बेत होता. मी मोठ्या दिमाखात माझा शाळासोबती अनिल याला घेऊन गेलो. अनिल लोकांना परवाने काढून देतो, करांची विवरणपत्रं भरतो. दुकानाची नोंदणी, अन्न परवाना, वजनकाट्याची तपासणी, कर कुठला लागतो, कुठला लागत नाही, हे त्याचं सगळं तोंडपाठ. सवयीप्रमाणे तो म्हणाला, "ताई, आपण फक्त सह्या करायच्या. बाकी माझ्यावर सोडा." ताईने चष्मा लावला, पेन्सिल काढली आणि प्रत्येक फॉर्म पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. अनिलचे तीन चहा झाले. जीएसटीची नोंदणी तिने स्वतःच बाजूला सारली. "माझी विक्री एवढी नाही. उगाच नोंदणी केली तर काही विकलं नाही तरी विवरणपत्र भरत बसावं लागेल, आणि विसरले तर दंड. हो ना?" अनिल माझ्याकडे बघून म्हणाला, "तू मला कशाला आणलंस?"

आणि मग तो रकाना आला. व्यवसाय सुरू झाल्याचा दिनांक.

अनिल म्हणाला, आजची टाका. ताईने अकरा वर्षांपूर्वीची तारीख सांगितली, ती कुंडीखालच्या पैशांची. अनिलला वाटलं ती चेष्टा करतेय. त्याने समजावलं की सगळे आजचीच टाकतात, किंवा गाळ्याच्या कराराची टाकतात, कुणी विचारत नाही, कुणाचं बिघडत नाही. जुनी तारीख टाकली तर इतकी वर्षं विनापरवाना अन्न विकलं असं आपणच लिहून दिल्यासारखं होईल.

"पण आज मी काय सुरू केलंय?" ताई म्हणाली. "आज मी फक्त फॉर्म भरलाय."

इथे मी टेबलावर हात मारून हसलो होतो. पुढे रंगमंचावर या वाक्यानंतर मी बरोबर दोन क्षण थांबायचो... आणि हॉल कोसळायचा. भाऊजींनीही तिला सांगून पाहिलं. तिने ती तारीख लिहिली, आणि अर्ज पुढे गेला तो तसाच.

पंधरा दिवसांनी अन्न परवान्याच्या कार्यालयातून बोलावणं आलं. मी सोबत गेलो. खरं सांगायचं तर मदतीला म्हणून नाही, मजा बघायला गेलो. साहेब वयाने तरुण होता, वाईट नव्हता, पण असं प्रकरण त्याच्या टेबलावर कधी आलं नसावं. त्याने अर्ज दोनदा वाचला. "मॅडम, ही तारीख तुम्ही लिहिलीय?"

"हो."

"का?"

"विचारली होती म्हणून."

साहेबाने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. त्याने तिला एक सुटका देऊ केली. टायपिंगची चूक झाली म्हणा, नवीन अर्ज करा, आठवड्यात परवाना देतो. ताई म्हणाली, चूक झालेली नाही. तेव्हा तो चिडला. मग लेखी खुलासा द्या म्हणाला, फाइल वर पाठवतो म्हणाला, आणि वर म्हणजे कुठे ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. ताईने खुलासा त्याच संध्याकाळी हाताने लिहिला. मला वाच म्हणाली होती. मी म्हटलं, "अगं ताई, तुझा खुलासा म्हणजे पुन्हा तीच तारीख. त्यात वाचायचं काय?"

फाइल अडकली. आणि ताईने विक्री बंद केली. तिचं म्हणणं साधं होतं, परवाना लागतो हे माहीत नव्हतं तोवर गोष्ट वेगळी, आता माहीत झालंय. दसरा गेला. कात्रजपासून पेठांपर्यंत गल्लोगल्ली मांडव टाकून, कसलाही कागद नसलेली माणसं चकल्यांचे ढीग विकत होती, आणि अकरा वर्षं भाजणी करणारी बाई कुलूप लावलेल्या गाळ्याचं भाडं भरत घरी बसली होती. मी म्हटलं, विकू नकोस, मला तशीच दे. तिने अन्न कायद्याची पुस्तिका काढून दाखवली. "नफ्यासाठी असो वा नसो, असं लिहिलंय इथे. फुकट वाटलं तरी तो अन्नव्यवसायच." मग ज्यांना थालीपीठ खायचंय त्यांनी घरी यायचं, ताटावर बसून खायचं, असा तोडगा तिने काढला. पाहुणा हा काही व्यवसाय नव्हे. त्या दिवाळीत तिच्या दोन खोल्यांत पंगती उठल्या. गिऱ्हाईकं चपला दाराबाहेर काढून, नव्या सुनेसारखी संकोचून बसायची, आणि भाऊजी लोण्याचा गोळा घेऊन फिरायचे. हे सगळं खरं आहे. यातलं काहीही मी वाढवलेलं नाही.

वाढवला तो जिना.

त्या कार्यालयात ताई सात वेळा गेली. कधी साहेब रजेवर, कधी फाइल दुसऱ्या टेबलावर, कधी खुलाशावर शिक्का राहिलेला. लिफ्टच्या दाराला दोरी बांधलेली. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर. दोनदा मी बरोबर होतो. पहिल्या वळणावर ती थांबायची, कठडा धरायची, पदराने ओठांवरचा घाम टिपायची आणि म्हणायची, "हो पुढे, आलेच." मला त्यात अभिनयाची जागा दिसली. मला! आयुष्यभर माणसांच्या चाली, लकबी, श्वास टिपून त्यावर पोट भरणाऱ्या माणसाला त्या श्वासात दुसरं काही ऐकू आलं नाही. मी कार्यालय तिसऱ्या मजल्यावर नेलं, कारण तिनाच्या चढणीत विनोद चांगला बसतो. पहिल्या मजल्यावर ती थांबते आणि साहेबाला आशीर्वाद देते, दुसऱ्यावर थांबते आणि शाप देते, तिसऱ्यावर पोचते तेव्हा तिला दोन्ही आठवत नाहीत. माझ्या पुतणीच्या लग्नात हे मी पहिल्यांदा केलं. ताई पहिल्या रांगेत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. नंतर पानाच्या तबकापाशी मला गाठून म्हणाली, "छान केलंस रे. पण एक खोटं सांगितलंस. तीन मजले नाहीत, दोनच आहेत."

मी म्हटलं, "ताई, दोनात मजा नाही."

"मजा नसली तर नसो. दोनच आहेत."

दोन मजल्यांना एवढी धाप... हे त्या क्षणी मला सुचायला हवं होतं. तिच्या तोंडून आलेलं ते एकच वाक्य घेऊन तिला हाताला धरून डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. मी तबकातलं पान उचललं आणि पुढच्या माणसाच्या टाळीला टाळी दिली. तिच्या हृदयाची एक झडप तेव्हाच नीट मिटत नव्हती, हे डॉक्टरांनी भाऊजींना अगदी शेवटच्या आठवड्यात सांगितलं. आधी आला असता तर... असं ते म्हणाले आणि थांबले. हे वाक्य पुरं न करण्याची शिस्त डॉक्टर लोकांना कोण शिकवतं कोण जाणे.

परवाना संक्रांतीनंतर आला. साहेब बदलून गेला होता, नव्या साहेबाने फाइलवर थोडासा दंड लावला आणि सही केली. ताईने दंड भरला आणि त्याची पावती परवान्याशेजारी चौकटीत लावली. गाळा उघडला. वजनकाटा तपासून त्यावर शिक्का आला, आणि त्याबरोबर ताईची नवी अडचण आली. अकरा वर्षं ती अर्ध्या किलोवर एक मूठ जास्त घालायची, तिच्या आईची सवय. आता पाकिटावर पाचशे ग्रॅम छापलेलं. तपासनीस म्हणाला, जास्त चालतं, कमी चालत नाही. ताई म्हणाली, पण मग छापलेलं खोटं होतं. शेवटी पाकिटात बरोबर पाचशे, आणि वरची मूठ पांढऱ्या कागदाच्या वेगळ्या पुडीत, रबर लावून पाकिटाला बांधलेली. आठ दिवसांनी तिचा मला फोन, या पुडीवर लेबल लागेल का रे? मी तो फोनही किश्शात घातला. पावणेदोन वर्षं गाळा चालला. मी दोनदा गेलो असेन. ऑर्डर मात्र फोनवरून द्यायचो आणि न्यायला येतो, येतो म्हणायचो.

आता रागाचं सांगतो. भेटायला येणारा प्रत्येक माणूस म्हणतो, फार साधी होती हो, फार सरळ. अनिलही म्हणाला, "ताई सरळ होत्या म्हणून त्रास झाला." साधी! फॉर्म वाचून सल्लागाराला गप्प करणारी बाई साधी? तिला काय होणार ते पूर्ण ठाऊक होतं. अनिलने सांगितलं होतं, साहेबाने पळवाट दाखवली होती, आणि दोन्ही वेळा तिने नको म्हटलं होतं. साधी म्हटलं की आपली सुटका होते. मग दोरी बांधलेल्या लिफ्टबद्दल कुणी बोलायला नको. खरी तारीख लिहिणाऱ्याला सात खेपा आणि खोटी लिहिणाऱ्याला आठवड्यात परवाना, हे ज्याला खटकत नाही त्याने तिच्या फोटोला हार घालू नये. आणि सगळ्यांत जास्त राग कुणाचा येतो ते तुम्ही ओळखलं असेलच. तो इसम रोज दाढी करताना समोर असतो.

तेरावं झाल्यावर भाऊजी आणि मी गाळ्यावर गेलो. ती गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी, शनिवारी, तिने चौदा पाकिटं बांधून ठेवली होती, प्रत्येकावर पुडी, प्रत्येकावर पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी. भाऊजी म्हणाले, "लोकांनी सांगून ठेवलंय, वाट बघत असतील." माझ्या स्कूटरवर बसून आम्ही दोन दिवसांत तेरा घरी पाकिटं पोचवली. एका घरच्या बाईंनी पाकीट घेतलं आणि दारातच खाली बसल्या. चौदावं फळीवर राहिलं. त्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, "मोहन, येईल तेव्हा." भाऊजींनी ते मला देऊ केलं. मी म्हटलं, राहू दे, येतो नंतर. सवय जात नाही.

मग अनिलचा फोन आला. दुकान बंद झाल्याचं परवान्याच्या कार्यालयाला कळवावं लागतं, मुदतीचे थोडेच दिवस उरलेत, फाइल घेऊन ये. मी गाळ्यावर गेलो, कपाटातून फाइल काढली आणि तिथेच, काट्याशेजारच्या स्टुलावर बसून चाळायला लागलो. त्यात तो खुलासा होता, मी न वाचलेला. तिच्या शाळकरी गोल अक्षरात. तो इथे देतो.

"महोदय, आपण विचारले आहे की व्यवसाय सुरू झाल्याचा दिनांक अकरा वर्षांपूर्वीचा का लिहिला. कारण तो त्या दिवशी सुरू झाला. परवाना लागतो हे मला माहीत नव्हते, ती माझी चूक आहे. तिचा जो दंड असेल तो मी भरीन. परंतु आजचा दिनांक लिहिल्यास अकरा वर्षे मी काहीच करत नव्हते असे होईल. तसे समजणारे लोक माझ्या नात्यात पुष्कळ आहेत. सरकारने तरी तसे समजू नये ही विनंती."

खाली सही, आणि सहीखाली एकच शब्द, मालक.

मी ते दोनदा वाचलं. दोन वर्षं मी हॉलमधल्या लोकांना सांगत होतो की माझ्या बहिणीला खोटं बोलता येत नाही म्हणून ती अडकली. "आमची ताई, साधी गृहिणी..." अशी माझी सुरुवात असायची. ती माझ्यासमोर बसून हे ऐकायची, हसायची, आणि माझी फक्त मजल्यांची चूक दुरुस्त करायची. पहिल्या वाक्यातली चूक तिने मला कधी दाखवली नाही. कागद तर तिने माझ्या हातात दिला होता.

फळीवरचं पाकीट उतरवलं. भाऊजींना बोलावून घेतलं, त्यांच्या हातून ते रीतसर घेतलं. त्यांनी ते काट्यावर ठेवायला पुडी सोडवली, पाकिटाचं वजन मला दाखवलं आणि पुडी पुन्हा बांधून दिली, ती करायची तसं. तो गुरुवार होता. मग अनिलकडे गेलो.

त्याने संगणकावर फॉर्म उघडला होता. बंद झाल्याचा दिनांक या रकान्यात तो ताईच्या मृत्यूची तारीख टाकत होता. मी म्हटलं, ती नाही, आजची टाक. शेवटचं पाकीट आज गेलं.

"अरे, त्या गेल्यावर इतके दिवस व्यवसाय चालू होता असं दिसेल," अनिल म्हणाला. "परवाना त्यांच्या एकट्यांच्या नावावर. चालवत कोण होतं, असं विचारतील."

"मग सांगू, कोण होतं ते."

"मोहन, तू पण?" तो खुर्चीत मागे टेकला. "खुलासा मागतील."

"मागू देत."

पुढे एखादी नक्कल येणार, असं त्याला वाटलं असावं. मग त्याने गुरुवारची तारीख टाकली.

पाकीट आमच्या स्वयंपाकघरात आहे. बायकोने फोडून डब्यात ओतलं. पुडी तेवढी मी काढून घेतली, ती माझ्या टेबलावर आहे, रबर लावलेली, लेबल नसलेली. कार्यालयातून अजून काही आलेलं नाही. आलं तर खुलासा मी हाताने लिहिणार आहे आणि स्वतः नेऊन देणार आहे. लिफ्ट अजून बंदच असेल. काही हरकत नाही, दोनच मजले आहेत.